खो घेणाऱ्या ताईचे आभार

सांगलीत परवा आमची सहा वर्षांची लेक पहिल्यांदा खो-खोला उतरली. आठजणी बसलेल्या, नववी पाठलाग करणारी. हिच्या पाठीत जोरात खो बसला आणि ही तोंडावर आपटली. गुडघा सोलला. एवढ्या लहानपणी टीम कशाला, असं मला आधीपासूनच वाटत होतं. हौस तिच्या बाबांना. उचलून निघालेच होते, तर मोठ्या गटातली एक ताई आली. बाटलीतल्या पाण्याने गुडघा धुतला, मग स्वतः चौकोनात बसली. "आता तू मला खो दे. मागून, हळू हात लाव, पण ओरड मोठ्यानं!" कितीतरी वेळा खो घेतला आणि दर वेळी खरंच उठून धावली. तिकडे तिचे सर हाका मारत होते. ताई, तुझं नाव कळलं नाही. मनापासून आभार. लेक आता रोज जाते. माझा जीव अजून खालीवर होतो, ते वेगळं.