गाडी सोडण्याबद्दल, मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुलांनी किल्ल्या काढून घ्यायची भाषा केली, ते तुला फार लागलं आहे. पण मला घोर लागला तो वेगळ्याच वाक्याचा. रात्री समोरून दिवे आले की दोन-तीन क्षण काहीच दिसत नाही, असं तू सहज लिहून गेलास. अरे, हा थकवा नव्हे. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळट पडतं. विशीच्या मानाने साठीत पडद्यापर्यंत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, आणि डोळे दिपले की सावरायलाही वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने फरक पडेल, तेव्हा आधी तपासून घे. रात्रीची गाडी मात्र आजपासून बंद. हे हक्काने सांगतोय.

मी गाडी सोडली आणि पहिले दोन महिने घरात बसून काढले. तीच माझी मोठी चूक झाली. गुडघे आखडले, तोल जायला लागला. शेवटी बस धरली. पहिल्याच दिवशी दांडा हाताला लागायच्या आत बस सुटली आणि मी शेजारच्याच्या अंगावर कोसळलो. तेव्हापासून आधी दांडा, मग पाय. पास वरच्या खिशात, आणि बूड टेकल्याशिवाय हात दांड्यावरून काढायचा नाही. उतरायचं असलं की आधी सांगून ठेवतो आणि बस पुरती थांबल्यावरच उठतो. थांबतात रे लोक.

रस्ता ओलांडायचं मात्र अजून जिवावर येतं. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं पुष्कळ ठिकाणी धरतात. आपल्या वयाच्या कितीतरी जणांना तेवढं जमत नाही, आणि यात आपला काय दोष? मला याचा खरंच राग येतो. हिरवा दिवा आधीच लागलेला दिसला तर मी पाऊल टाकत नाही, पुढच्या हिरव्याची वाट बघतो. मागून कुणी घाई केली तरी.

तुझा उजवा गुडघा दुखतो ना? मग काठी डाव्या हातात धर. हात सरळ सोडलास की मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

सगळ्यात जड गेलं ते "मला सोडशील का?" असं विचारणं. आयुष्यभर आपणच सगळ्यांना सोडत आलो. पहिल्यांदा विचारताना माझा आवाज कापला होता. आता मुलीशी वार ठरवून घेतलाय, त्या वाटेत आमच्या मनसोक्त गप्पा होतात.

गाडी लगेच विकू नकोस. दिवसा, ओळखीच्या रस्त्याने चालव, पण आठवड्यातून दोनदा तरी बसने जा. पाय धड आहेत तोवर थांबे, पायऱ्या, बसच्या वेळा अंगवळणी पडू देत.

आणि डोळे दाखवून झाले की माझ्याकडे ये. सकाळची बस धर, उजेडात पोचशील. मी थांब्यावर उभा असेन.

तुझाच,
जुना सोबती