शॉक उतरला, पण पोर कशी आहे?

सांगली

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. सेप्टिक शॉकमधल्या मुलांना (जंतुसंसर्गानं रक्ताभिसरण कोलमडलेल्या) सलाइन देण्याच्या तुझ्या अभ्यासाचा प्रोटोकॉल, म्हणजे आराखडा, मिळाला. ड्यूटीमुळे दोन रात्री लागल्या, पण शेवटच्या पानापर्यंत वाचला. कोणती मुलं घ्यायची, कोणतं सलाइन, किती आणि किती वेगानं, सगळं नेमकं लिहिलंयस. अडलो ते चौथ्या पानावर. 'प्रायमरी आउटकम: शॉक उतरायला लागलेले तास.' म्हणजे अभ्यासाचा निकाल ज्यावर लावायचा ते मुख्य मोजमाप हेच. मृत्यू खाली दुय्यम यादीत, आणि मूल घरी गेल्यावर त्याचं काय झालं याबद्दल एक ओळही नाही. तू मत मागितलंस म्हणून स्पष्ट लिहितो. हे पान बदल.

आधी फीस्ट नावाचा अभ्यास आठव. २०११ साली प्रसिद्ध झालेला युगांडा, केनिया आणि टांझानियातला अभ्यास. ३,१४१ मुलं, तापानं फणफणलेली, रक्ताभिसरण बिघडलेली. काहींना बोलस दिला, म्हणजे शिरेतून भराभर बराच द्रव, काहींना दिला नाही. तासाभरानं बघितलं तर बोलसवाल्यांपैकी ४३ टक्के मुलांचा शॉक उतरला होता, बाकीच्यांपैकी ३२ टक्के. मोजणी तिथंच थांबली असती तर जगभर 'बोलस द्या' असंच गेलं असतं. पण त्यांनी ठरवलं होतं ४८ तासांतले मृत्यू मोजायचं. बोलसवाल्या गटांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं गेली, बोलस न दिलेल्या गटात ७.३ टक्के. हातपाय गरम झाले, नाडी भरली, आणि तरीही जास्त मुलं गेली. तुझाही अभ्यास शॉकचा आणि सलाइनचाच आहे, सुहास. शॉक किती तासांत उतरला हे आपल्याला रात्री दोन वाजता खाटेपाशी उभं असताना हवं असतं, ते कळलं पाहिजेच. पण अभ्यासाचा निकाल त्यावर लावायचा नाही.

मग मृत्यूच प्रायमरी ठेवतो, असं तू म्हणशील. मी कागदावर आकडेमोड केली. तुझ्या वॉर्डात अशा मुलांचं मृत्यूचं प्रमाण वीस टक्के धरलं आणि ते पंधरावर येईल अशी आशा ठेवली, तर नेहमीच्या ऐंशी टक्के पॉवरनं (खरा फरक असला तर तो दिसण्याची शक्यता) दोन्ही गट मिळून साधारण अठराशे मुलं लागतात. तुझ्याकडे दोन वर्षांत दोनशे येतील. शिवाय मेलं की जगलं एवढ्यावर गोष्ट संपत नाही. अमेरिकेतल्या पीआयसीयूंमधल्या (मुलांच्या अतिदक्षता विभागांतल्या) दहा हजारांवर मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा २.७ टक्के मुलं गेली होती आणि ४.६ टक्के मुलं नवं, मोठं अपंगत्व घेऊन घरी गेली होती. आपल्याकडे मृत्यू जास्त आहेत, म्हणून तो आकडा सोडता येणार नाहीच. पण दुसरा आकडा आपण मोजतच नाही.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. मागं एका ठिकाणी होतो तेव्हा आम्ही व्हेंटिलेटरविना गेलेले दिवस मोजायचो. तुला ठाऊकच आहे ती पद्धत: २८ दिवसांतून व्हेंटिलेटरचे दिवस वजा करायचे, मूल गेलं तर शून्य. म्हणजे जे गेलं त्यालाही शून्य आणि २८ दिवस नळीवर राहून जगलं त्यालाही शून्य. तेव्हा ते मला खटकलंही नव्हतं. जत तालुक्यातली आठ वर्षांची मुलगी होती, डेंग्यूचा शॉक, मधेच झटके आले, ११ दिवस व्हेंटिलेटरवर. आमच्या तक्त्यात तिच्यापुढं १७ लिहिलं. चांगला आकडा. डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृती सुधारली' असं मीच लिहिलं.

चार महिन्यांनी ओपीडीत आली. छाती तपासून झाल्यावर मी म्हटलं, बटणं लाव बाळ. तिनं वरचं बटण चिमटीत धरलं, काजाशी नेलं, ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा आईनं हात पुढं करून लावलं, आमच्याकडं न बघता, रोज लावत असावी तसं. तेवढ्यात बाहेर कुणाचा तरी मोबाइल वाजला, मॉनिटरसारखा टीं-टीं, आणि पोरीनं दोन्ही कानांवर हात दाबले. आई म्हणाली, घरातल्या सगळ्यांच्या फोनचा आवाज बंद ठेवलाय. मग म्हणाली, "आधी ही पोर घर डोक्यावर घ्यायची. आता बसवली तिथंच बसती." बाप ट्रकवर होता, तो लांबच्या फेऱ्या सोडून गावातच मजुरीला लागला होता. यातली एकही गोष्ट आमच्या तक्त्यात मावत नव्हती. १७ तेवढं होतं.

तेव्हापासून कुणी मोजमाप विचारलं की मला ते बटण दिसतं.

यावर काम झालेलं आहे. २०२० साली डॉक्टर, नर्सेस, संशोधक आणि अशा मुलांचे पालक यांची मतं फेऱ्याफेऱ्यांनी घेऊन एक सामाईक यादी ठरवली गेली. पीआयसीयूतल्या मुलांवरच्या अभ्यासात किमान काय बघायचं, तर बुद्धी, भावना, शरीर आणि एकूण आरोग्य ही चार मोठी अंगं. त्यांच्यासोबत जगणं, वेदना, संवाद आणि मुलाचं जीवनमान. पालकांना विचारल्यावर यादी कशी बदलते बघ. व्हेंटिलेटरचे दिवस आपल्याला महत्त्वाचे वाटतात, कारण खाट आपल्याला मोकळी करायची असते.

तू एवढंच कर. फंक्शनल स्टेटस स्केल घे, मूल रोजच्या गोष्टी कितपत करू शकतं हे मोजणारी गुणपत्रिका. सहाच गोष्टी आहेत: शुद्ध, ऐकणं-बघणं, संवाद, हालचाल, खाणंपिणं, श्वास. प्रत्येकी एक ते पाच गुण, ठणठणीत मुलाची बेरीज सहा. सिस्टरसुद्धा पाच मिनिटांत भरतील. पण दाखल होताना, आईला 'आजारपणाच्या आधी पोर कसं होतं' हे विचारून एकदा भरायचंच. हे राहिलं तर पुढचं सगळं वाया. आधीपासून मेंदूचा त्रास असलेलं मूल तुझ्या सलाइनमुळे बिघडलं असं दिसेल, आणि खरोखर बिघडलेलं निसटून जाईल. मग डिस्चार्जला भर आणि सहा महिन्यांनी भर. बेरीज तीननं किंवा जास्त वाढली तर ते नवं अपंगत्व. 'सहा महिन्यांत मृत्यू किंवा नवं अपंगत्व' हे प्रायमरी ठेव आणि दोन्ही आकडे वेगवेगळेही छाप. दोनशे मुलांत त्यावरही शेवटचा निकाल लागेल असं नाही. म्हणून अजून दोन-तीन सेंटर जोडता आली तर बघ.

जीवनमानाची प्रश्नावलीही हवी. सेप्टिक शॉकमधून वाचलेल्या मुलांचा अमेरिकेत वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा ३५ टक्के मुलं वर्षानंतरही आधीच्या जीवनमानापेक्षा बरीच खाली होती. तुझी मुलं त्याच आजाराची आहेत. मात्र प्रश्न जसेच्या तसे उचलू नकोस. इंग्रजी प्रश्नावलीत एक ब्लॉकभर चालायला त्रास होतो का असं विचारलंय. मी सिस्टरांना म्हटलं, हे मराठीत आईला विचारून बघा. त्या मलाच म्हणाल्या, ब्लॉक म्हणजे किती हो सर? गावात ब्लॉक नसतो. घरापासून पारापर्यंत विचार, शाळेपर्यंत विचार. पण हे भाषांतर तू एकट्यानं करू नकोस. रीतसर परवानगी घे, आणि चार आयांना समोर बसवून प्रत्येक प्रश्न त्यांना काय कळला ते ऐक.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, पाठपुरावा. तुझी निम्मी मुलं ऊसतोडीच्या घरची असतील. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की बीडचं घर बंद आणि बाप इकडं आमच्या कारखान्यावर, नवं सिम घेऊन. तुझे सहा महिने नेमके त्या हंगामात आले तर 'संपर्क झाला नाही' असं लिहून मोकळा होशील, आणि जे सापडलं नाही ते पोर बहुधा जास्त त्रासात असेल. दाखल होतानाच तीन नंबर घे: आईबापांचा, मामाचा, गावातल्या आशाताईंचा. मुकादमाचा मिळाला तर तोही. कोपावर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपड्यांवर, असतील तर मला कळव. आमच्या भागात असतील तर मी स्वतः जाऊन फॉर्म भरून आणतो, हे मनापासून सांगतोय.

आणि घरखर्चाचे दोन प्रश्न घाल: कर्ज काढलं का, कुणाचं काम सुटलं का. गुण द्यायचे नाहीत, नुसतं लिहून ठेवायचं.

एथिक्स कमिटीची बैठक २० तारखेला आहे म्हणालास. त्याआधी तुझ्या ओपीडीत परत आलेल्या पाच-सहा आईबापांना खुर्ची देऊन विचार, पोर वाचल्यावर कशाची काळजी वाटत होती. ते म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठव, मग चौथं पान आपण मिळून लिहू. रविवारी रात्री साडेआठनंतर मी मोकळा आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू