आरोग्यमंत्री साहेब, मार सिस्टरला बसला आणि जीव माझ्या बाबांचा टांगणीला लागला

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी सिंधुदुर्गातला. मागच्या भातकापणीत दिवेलागणीला भारे उचलताना बाबांच्या बोटाला फुरसं चावलं. शेजाऱ्याच्या गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डला एकच सिस्टर. तिने पटकन काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन टेबलावर ठेवलं आणि मला दम भरला, 20 मिनिटं हिला कोणी हात लावायचा नाही, रक्त गोठलं नाही तर विष चढलंय समजायचं. नाहीच गोठलं. डॉक्टरांना विचारून तिने सर्पदंशाची लस सलाईनमधून सुरू केली आणि बाबांच्या उशाशीच उभी राहिली, कारण या लसीची कधी कधी रिअ‍ॅक्शन येते आणि ती बहुतेक वेळा सुरुवातीलाच कळते म्हणाली.

तेवढ्यात पलीकडच्या पेशंटची चार माणसं आली. त्यांना डॉक्टरने गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात रेफर केलेलं आणि 108 चा पत्ता नव्हता. "गाडी खंय हा? डॉक्टर खंय गेलो?" करत एकाने सिस्टरचा हात पिरगाळला, दुसऱ्याने ढकलली, ट्रे खाली. (त्यांचाही जीव कासावीस झालेला, मला कळतं. पण रेफर डॉक्टरने केलं, गाडी सरकारची, आणि मार सिस्टरला?)

इकडे बाबा मान खाजवायला लागले. बघतो तर अंगभर पित्तासारख्या गांधी उठलेल्या, श्वास लागलेला आणि सलाईन चालूच. मी बोंबललो. ती बाई त्या माणसांच्यातून वाट काढत आली, सलाईन बंद केलं आणि थरथरत्या हाताने मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता तर? मला अजून विचार करवत नाही.

साहेब, आपल्याकडे 2010 पासून कायदा आहे, दवाखान्यातल्या माणसांवर हात टाकला तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि गुन्हा अजामीनपात्र. नर्सही त्यात येतात. त्याचा बोर्ड त्याच भिंतीवर होता. पण तक्रार कोणी द्यायची? सिस्टरने. तिला सांगण्यात आलं, कशाला वाढवतेस, गावातलीच माणसं आहेत. तिला रोज त्याच एसटीने यायचंय, ती काय तक्रार देणार! केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये स्वतःच्या हॉस्पिटलांना सांगितलं की मारहाण झाली तर 6 तासांत संस्थेच्या प्रमुखाने एफआयआर करायचा. तेच आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात पण करा ना. रात्री वॉर्डच्या दारात एक वॉचमन द्या, सध्या जो आहे तो गेटवर गाड्या लावतो.

आणि जिला मार बसला तिला त्या रात्री तरी सुट्टी मिळून दुसरी सिस्टर यायला हवी. आमची सिस्टर सकाळपर्यंत ड्युटीवरच होती. 6 तासांनी तीच रक्ताची टेस्ट परत करायची असते, तर ती मला म्हणाली, "दादा, 3 वाजता मला आठवण करा हां, आज माझं डोकं ठिकाणावर नाहीये." मी मोबाईलवर अलार्म लावला. वॉर्डात 20-22 पेशंट होते, बाकीच्यांसाठी कोणी अलार्म लावला होता का ते मला माहीत नाही.

आपला,
एका पेशंटचा मुलगा, सिंधुदुर्ग