विश्रामगृहाच्या ओटीवर हा फलक हवाच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की कोकण किनाऱ्यावरच्या आडबाजूच्या सरकारी विश्रामगृहांकडे पर्यटकांची पावले वळू लागतात. चिऱ्याच्या भिंती, कौलांचे छप्पर, दोन खोल्या, पुढे ओटी, मागे न्हाणीघर आणि विहीर, एवढाच पसारा. गाव दोन-तीन किलोमीटर लांब, वीज बेभरवशाची, मोबाइलला रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचे. राहून गेलेले लोक मग वातानुकूलन बसवा, जनरेटर आणा, कौले काढून पत्रे घाला अशा मागण्या करतात. त्या मान्य होऊ नयेत, असे आम्हांला कळकळीने वाटते. या घरांत आहे तेवढे पुरते. उतरणाऱ्याला जागेची माहिती मात्र कोणी देत नाही. म्हणून प्रत्येक ओटीवर एक फलक लावावा आणि त्यावर पुढील गोष्टी ठळक लिहाव्यात, अशी आमची विनंती आहे.

सर्वांत वर भरती-ओहोटी. छापील वेळापत्रक वर्षाअखेर निरुपयोगी होते, शिवाय ते जवळच्या मोठ्या बंदराचे असते. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब मात्र कायम चालतो: तिथीची पाऊणपट करावी, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे. मुंबईकडे भरती थोडी उशिरा, मालवणकडे थोडी आधी येते, म्हणून दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवावा. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत-उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत मोठे.

हे कळून करायचे काय, तेही लिहायला हवे. कड्याखालून वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, जायचे असेल, तर पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी निघावे आणि पाणी फिरले की लगेच परतावे. लोक फसतात ते इथेच. भरती सहा तास सारख्या वेगाने येत नाही. पहिल्या तासाला ती जाणवतही नाही, मधल्या दोन तासांत मात्र एकूण चढावाचा निम्मा भाग येतो. अडीच मीटरचा फरक असेल तर त्या दोन तासांत सव्वा मीटर पाणी वाढते, म्हणजे कंबरेच्या वर. कोरड्या कातळावर बसलेला माणूस कड्याच्या आणि लाटांच्या मध्ये सापडतो, आणि शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही. खाडीच्या मुखाशी तर पोहूच नये. ओहोटीला तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर नेते.

दुसरी गोष्ट पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. मोठा पंप लावून तासभर उपसा केला की खालचे खारे पाणी वर सरकते आणि विहीर मचूळ होते. एप्रिल-मेमध्ये गोडे पाणी आधीच कमी असते, त्यामुळे हे फार लवकर घडते. उकळून किंवा गाळून खारटपणा जात नाही. पाऊस पडून जमिनीत मुरेपर्यंत ती विहीर गेली म्हणायची. म्हणून पंप लहान असावा, थोडा थोडा वेळ चालवावा, किंवा सरळ रहाट आणि पोहरा ठेवावा. हाताने ओढलेले पाणी कोणी वाया घालवत नाही. पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर आणि बाकी सगळ्याला पंधरा लिटर धरले तर सहा जणांना दिवसाला एकशेवीस लिटर लागते, आणि ते अर्ध्या तासात ओढून होते. न्हाणीत शॉवर बसवला की हा हिशेब कोलमडतो.

पाणी शुद्ध करण्याचे मापही चौकीदाराला सहसा कोणी सांगितलेले नसते. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते सुमारे चौदा हजार लिटर भरते, म्हणजे पस्तीस ग्रॅम पावडर पुरते. ती आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग पाणी वाढवून दहा मिनिटे निवळू द्यावे आणि वरची निवळ तेवढी विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळावी. तळाचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते. तासाभराने पाणी वापरावे. उघडी पिशवी खाऱ्या दमट हवेत काही आठवड्यांतच निकामी होते, म्हणून पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावी. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर आणि उताराच्या बाजूला हवा. जांभ्याला भेगा असतात, त्यामुळे इथे अंतर जास्त ठेवावे तेवढे चांगले.

छपराबद्दल खात्याला सांगायचे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकले तेव्हा कौले फुटली तसे पत्रेही उडाले. उडालेला पत्रा विळ्यासारखा कापत जातो. फुटलेले कौल गावातला माणूस दुसऱ्या दिवशी बदलतो. पत्र्याला तालुक्याहून टेम्पो आणि कारागीर लागतात. खाऱ्या वाऱ्यात पत्र्याच्या खिळ्याभोवतीचा जस्ताचा थर आधी जातो, मग तिथेच भोक पडते. दरवर्षी मे महिन्यात घर शाकारले, सरकलेली कौले आणि आढ्यावरचे कोने नीट बसवले, किडका वासा आणि रिपा बदलल्या, तर हे छप्पर आणखी कित्येक वर्षे सुखाने टिकेल. हे काम जूनच्या पहिल्या सरीनंतर काढण्यात अर्थ नाही. ओली कौले पायाखाली फुटतात. शंभर-दोनशे कौले पडवीत कायम शिल्लक ठेवावीत. आणि कुलपे पितळेची घ्यावीत. लोखंडी कुलूप एका पावसाळ्यात गंजून धरते, मग किल्ली आत मोडते.

साप-विंचवाबद्दल थोडक्यात. दगडी गडगा, लाकडांचा ढीग, कातळाच्या फटी ही फुरशाची जागा. साप जेमतेम फूट-दीड फुटाचा, रंग मातीचा. सरपण काठीने हलवूनच उचलावे, रात्री बॅटरी आणि पायात बूट असल्याशिवाय अंगणात उतरू नये. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचे कळतही नाही, म्हणून खाट वापरावी आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी. चावल्यास कापू नये, आवळून बांधू नये, हात-पाय हलू न देता सरळ रुग्णालय गाठावे. लाल विंचू चावला तरी थांबू नये, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केलेल्या प्राझोसिन उपचाराने हे रुग्ण वाचतात, पण औषध वेळेत मिळायला हवे. सापाची लस असलेले जवळचे रुग्णालय किती किलोमीटरवर आहे, रात्री गाडी कोण देईल आणि सड्यावर नेमक्या कोणत्या झाडाखाली रेंज येते, हे त्या त्या फलकावर लिहावे. त्याखाली रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४.

समुद्राकडच्या बाजूला प्रखर दिवा लावू नये, ही आमची सर्वांत आग्रहाची विनंती. वेळास, आंजर्ले, वायंगणी अशा पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे चालू लागतात. मोकळ्या पुळणीवर रात्री समुद्राचे क्षितिज जास्त उजळ असते. ओटीवरचा दिवा त्याहून उजळ ठरला तर पिल्ले घराकडे येऊन सकाळच्या उन्हात मरतात. उष्टे-खरकटे बाहेर टाकल्यानेही घात होतो. त्या वासाने कोल्हे आणि कुत्री पुळणीवर फिरू लागतात आणि मग घरटी उकरतात. खरकटे झाकणाच्या डब्यात ठेवावे, प्लास्टिक आल्या पिशवीतून परत न्यावे. आणि चुलीसाठी सुरूचे झाड तोडू नये, त्या झाडांनी वाळू धरून ठेवली आहे. नारळाची सोडणे, करवंट्या आणि वाळल्या झावळ्या गावात सहज मिळतात, तेवढ्यावर दोन वेळचे जेवण होते.

फलक फ्लेक्सवर छापू नये, उन्हाने एका हंगामात पांढरा पडतो. सागाच्या फळीवर तैलरंगाने लिहावा, पाऊस लागणार नाही अशा ओटीच्या आतल्या भिंतीवर टांगावा आणि तिथीचा हिशेब सर्वांत मोठ्या अक्षरांत असावा. शिमग्याच्या सुट्टीची गर्दी येण्याआधी संबंधित खात्यांनी एवढे करावे.

आपले,
दापोली-मंडणगड किनाऱ्यावरील काही सुतार, गवंडी व वाटाडे