‘बॉइज टाउन’ची दोन गाळलेली पाने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील ‘बॉइज टाउन’ या कॅथलिक बालगृहाच्या इतिहासावरचा लेख वाचला. माहिती बरीच आहे, पण लेखाची आरती झाली आहे. फादर एडवर्ड फ्लॅनॅगन यांनी १२ डिसेंबर १९१७ रोजी ओमाहात उसन्या ९० डॉलरांवर घर भाड्याने घेतले आणि पाच मुलांना आसरा दिला, पुढे १९२१ मध्ये शहराबाहेरचे शेत विकत घेतले, १९३६ मध्ये त्या वसाहतीला गावाचा दर्जा मिळाला, मुले आपला महापौर स्वतः निवडू लागली, हे सगळे त्यात आहे. गोऱ्या-काळ्या, कोणत्याही धर्माच्या मुलांना ते एकत्र ठेवत, याचाही उल्लेख आहे. पण १९१९ साली याच ओमाहात विल ब्राउन या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने न्यायालयाच्या इमारतीतून ओढून काढून ठार मारले होते. हे ठाऊक नसेल, तर त्या एकत्र ठेवण्याला किती छाती लागली असेल हे वाचकाला कळणार कसे?

माझी खरी तक्रार दोन गाळलेल्या पानांबद्दल आहे.

पहिले १९४६ चे. फ्लॅनॅगन मूळचे आयर्लंडचे. त्या वर्षी ते मायदेशी गेले आणि तिथल्या ‘इंडस्ट्रियल स्कूल’ नावाच्या बालगृहांतल्या मारहाणीवर जाहीर सभेत तुटून पडले. ही बालगृहे बहुतांशी त्यांच्याच चर्चच्या संघांची होती. तुम्ही चालू देता म्हणून हे चालते, असे त्यांनी समोरच्या श्रोत्यांनाच सुनावले. न्यायमंत्री गेराल्ड बोलंड यांनी संसदेत हे बोलणे अतिरंजित ठरवून उडवून लावले. १९४८ मध्ये बर्लिनमध्ये फ्लॅनॅगन वारले. आयर्लंडच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला २००९ साली, आणि त्या संस्थांतला छळ अपवादाने घडणारा नव्हता, तो सर्रास चालत होता, हे त्यात नोंदले गेले. मधल्या ६३ वर्षांत किती मुले तिथून गेली असतील!

दुसरे पान १९७२ चे. माझी उमर हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे या पानावर मी जरा जास्तच रेंगाळतो. गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या मालकीच्या ‘ओमाहा सन’ या छोट्या साप्ताहिकाने बॉइज टाउनची मालमत्ता २०.९ कोटी डॉलर असल्याचे छापले. संस्थेत मुले होती सातशेच्या आत, आणि मदतीची आर्जवे करणारी पत्रे मात्र वर्षाला कोट्यवधींच्या संख्येने देशभर जात होती. बातमीदारांना चोरवाटेने काही मिळवावे लागले नाही. १९६९ च्या करकायद्याने धर्मादाय संस्थांची विवरणपत्रे लोकांना पाहण्यासाठी खुली झाली होती. मागायचे तेवढे बाकी होते. पैसा कुणी खाल्ला होता असे नाही, तो नुसता साचत गेला होता. साप्ताहिकाला पुढच्या वर्षी पत्रकारितेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, संस्थेला पत्रांचा मारा थांबवावा लागला, आणि साठलेल्या पैशातून मुलांच्या श्रवण आणि वाचादोषांवर उपचार व संशोधन करणारे रुग्णालय १९७७ मध्ये उभे राहिले. मोठ्या वसतिगृहांऐवजी एकेका जोडप्याच्या देखरेखीखाली थोडी मुले घरासारखी ठेवण्याची पद्धतही त्याच दशकातली. म्हणजे लेखात ज्या दोन गोष्टींचे सर्वाधिक कौतुक आहे, त्यातली निदान एक तरी त्या बातमीमुळे घडली, आणि बातमीला मात्र लेखात एक ओळ नाही. वृत्तपत्रानेच वृत्तपत्राचे काम विसरावे, याची गंमत वाटली.

जाता जाता एक दुरुस्ती. छायाचित्राखाली ‘मुलग्यांची संस्था’ असे छापले आहे. १९७९ पासून तिथे मुलीही राहतात, आणि १९९१ मध्ये महापौरपदी एक मुलगीच निवडून आली होती.

आपला,
एक निवृत्त हिशेबतपासनीस