रविवारच्या वाचनाआधी सगळ्यांनी हे वाचा

मंडळी, ऊसतोड बायकांच्या मुलाखतींवरून नाटक उभं करतोय तर एक गोष्ट परत सांगतो, त्यांनी संमती दिली होती ती अभ्यासासाठी, स्टेजसाठी नाही. म्हणून संहिता फायनल व्हायच्या आधी प्रत्येकीला तिचा भाग वाचून दाखवायचा आणि ती नको म्हणाली की तो सीन जाणार, कितीही भारी झाला असला तरी.

नाव बदललं म्हणजे झालं असं प्लीज समजू नका. बीडमधल्या एखाद्या छोट्या गावात कोणता मुकादम (मजूर नेणारा ठेकेदार), किती उचल (आगाऊ घेतलेले पैसे), कोणत्या कारखान्यावर एवढं कळलं तरी लोक बाई ओळखतात, आणि पुढच्या हंगामात तिच्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, काम द्यायचं की नाही ते तोच मुकादम ठरवतो! त्यामुळे गाव, कारखाना, मुलांची संख्या सगळं बदला, दोघीतिघींचं मिळून एक पात्र केलं तरी चालेल पण तसं केलंय हे प्रेक्षकांना सांगायचं.

ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय 2019 मध्ये खूप गाजला, सरकारने चौकशी समितीही नेमली होती, म्हणून प्रेक्षक तेच शोधत येणार. आपण ऑपरेशनचा सीन दाखवायचा नाही, बाईने जेवढं सांगितलं तेवढंच बोलायचं. रडणं वाढवू नका, बोलीची नक्कल करून हशा तर अजिबात नको.

रेकॉर्डिंग या ग्रुपवर टाकू नका, ज्यांनी टाकलीत त्यांनी आजच डिलीट करा. आणि पहिला प्रयोग दिवाळीनंतर नको, तेव्हा त्या फडावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या असतात, एप्रिल-मेमध्ये गावी परततात तेव्हा त्यांच्यासमोर करू.