व्हेंट्सपिल्सच्या आजींना, पिवळ्या-निळ्या मफलरीबद्दल

प्रिय आजी,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितोय. तुम्हाला ते वाचता येणार नाही, हे ठाऊक आहे. रविवारी फोनवर माझ्या मोडक्यातोडक्या लॅटव्हियनमध्ये सांगेनच. पण मनातलं आधी माझ्या भाषेत नीट मांडल्याशिवाय मला ते तुमच्या भाषेत जमणार नाही. शिवाय तुम्ही कोण, हे इकडच्या चार माणसांनाही कळावं, म्हणून उघड लिहितोय.

2021 च्या सप्टेंबरात मी शिकायला लॅटव्हियातल्या व्हेंट्सपिल्सला आलो. बाल्टिक समुद्र, व्हेंटा नदीच्या मुखावरचं बंदर आणि सतत वारा. कोल्हापूरच्या पोराला तो वारा सोसेना. त्या गावाचं नाव मला आधीपासून माहीत होतं ते केवळ फुटबॉलमुळे. आमच्याकडे पेठेपेठेतल्या तालमींचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की त्या दिवशी घरातलं दुसरं काही ठरत नाही. त्यामुळे आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी विचारत सुटलो, ‘एफके व्हेंट्सपिल्सचा पुढचा सामना कधी?’ लोक दुसरीकडे बघायचे. कुणी म्हणायचं, इथे हॉकी बघ. कुणी विषयच बदलायचं.

तुम्ही बदलला नाहीत. खोली भाड्याने देऊन चारच दिवस झाले होते. तुम्ही स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ओढलीत, समोर स्क्लांदराउसिसची बशी ठेवलीत (राय नावाच्या धान्याच्या पिठाची वाटी, आत बटाटा नि गाजर, मला ती गोड करंजीची चुलत बहीण वाटली) आणि म्हणालात, क्लब आता नाही. या उन्हाळ्यात संपला. युरोपीय सामन्यात गैरप्रकार केल्याबद्दल युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, 7 हंगामांची बंदी घातली आणि क्लब लीगमधून बाहेर पडला. दोष आमच्याच माणसांचा होता. एवढं सांगून तुम्ही थांबलात. मग म्हणालात, ‘हे माझ्याकडूनच आधी ऐकलंस ते बरं. आता बाकीचं सांगते.’

आजी, या एका गोष्टीसाठी मी तुमचा ऋणी आहे. आपल्या माणसाची चूक पोटात घालायची, निदान परक्यापुढे तरी काढायची नाही, अशाच वळणात मी वाढलो. तुम्ही ती पहिल्याच आठवड्यात परक्या पोरापुढे ठेवलीत, आणि त्यानंतर दोन वर्षं त्याच क्लबविषयी डोळ्यांत चमक आणून बोलत राहिलात. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. तुमच्या यजमानांनी जपलेली तिकिटं, कात्रणं, संघाचे फोटो. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडायचा आणि आपण दोघं त्या डब्यातून एकेक कागद काढून बसायचो. क्लब 1997 चा; मी शिकत होतो ते विद्यापीठही त्याच वर्षीचं, हे तुम्हाला फार आवडायचं. लॅटव्हियात तेव्हा राजधानी रीगाच्या स्कोन्तो क्लबशिवाय कुणाचं काही चालत नव्हतं. सलग 14 वर्षं अजिंक्यपद त्यांच्याकडेच. 2005 ला लिएपायाच्या मेतालुर्ग्सने ती साखळी तोडली आणि मग 2006, 2007, 2008 असं लागोपाठ तीनदा आपलं गाव! त्याआधी 2003 पासून सलग तीन वर्षं चषकही आपलाच. 2004 च्या युरो स्पर्धेत लॅटव्हियाने जर्मनीला 0-0 असं रोखलं, त्या संघात आपला व्हीत्स रिमकुस होता. त्याचं नाव घेताना तुम्ही नकळत ताठ बसायचात.

पण डब्याच्या तळाशी 2009 साल होतं, आणि तिथे आलो की चहा गार व्हायचा. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत बेलारूसचा बाटे बोरिसोव्ह समोर. आदल्याच मोसमात या बाटेने युव्हेंटसला बरोबरीत रोखलेलं. आपण घरी 1-0 जिंकलो, तिकडे 1-2 हरलो. एकूण 2-2 बरोबरी; पण तेव्हा बरोबरीत परक्या मैदानावरचे गोल जड धरत, म्हणून तिकडे मारलेल्या त्या एका गोलवर पुढे गेलो. आमच्याकडे अशा लढतीला काटाकिर्र म्हणतात. मी तो शब्द तुम्हाला शिकवला आणि तुम्ही तो दूधवाल्या दुकानदारालाही ऐकवलात. पुढे झ्युरिखने दोन्ही सामन्यांत हरवलं, पण त्या वाटेने आपण युरोपा लीगच्या गटात पोचलो. लॅटव्हियाचा कुठलाच क्लब याआधी युरोपीय स्पर्धेच्या गटात पोचला नव्हता.

पहिलाच सामना बर्लिनला, हर्थाविरुद्ध. 74 हजार खुर्च्यांचं ते ऑलिंपिक स्टेडियम. आपलं अख्खं गाव नेऊन बसवलं असतं तरी कितीतरी खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. निकाल 1-1. मग नेदरलँड्सच्या हेरेनव्हेनशी 0-0. लिस्बनला स्पोर्टिंगच्या मैदानावर पुन्हा 1-1. गटात आपण तळाला राहिलो, गुण अवघे 3, शेवटच्या सामन्यात हेरेनव्हेनने 5 गोल घातले. तेही कात्रण डब्यात होतं. यजमानांनी तेही फेकलं नव्हतं.

घरचे सामने मात्र घरी झालेच नाहीत. आपलं मैदान लहान, म्हणून ते रीगाला, तेही स्कोन्तोच्या स्टेडियमवर. ज्यांनी इतकी वर्षं आपल्याला वर येऊ दिलं नाही त्यांच्याच अंगणात आपला पाहुणचार! तुम्ही दोघं बसने जवळजवळ 190 किलोमीटर गेलात, स्पोर्टिंगकडून 1-2 ची हार बघितलीत आणि रात्रीच परत आलात. ‘वाटेत कुणी झोपलं नाही,’ एवढंच तुम्ही त्या प्रवासाबद्दल सांगितलंत. मला तेवढ्यात सगळं दिसलं.

2022 च्या सप्टेंबरातली ती रात्र आठवते? रीगाच्या आरएफएसने फ्लोरेन्सला जाऊन फिओरेन्तिनाशी 1-1 बरोबरी केली. आपल्यानंतर गटात पोचलेला लॅटव्हियाचा हा दुसरा क्लब, 13 वर्षांनी. तुम्ही टीव्हीसमोर मनापासून टाळ्या वाजवल्यात. मग आत जाऊन ती पिवळी-निळी मफलर आणलीत, माझ्या गळ्यात घातलीत आणि म्हणालात, ‘पहिले आपण होतो.’ त्या ‘आपण’मध्ये तुम्ही मलाही धरलं होतं. घरापासून हजारो किलोमीटर लांब असलेल्या मुलाला याहून काय हवं असतं?

क्लबचा एकही सामना मी पाहिला नाही. तरी त्याचा इतिहास मला तारीखवार येतो, तो तुमच्यामुळे.

आता कोल्हापुरात परत आलोय. आमच्या पेठेतल्या जुन्या खेळाडूंच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला लागलोय; काही जण ऐंशीच्या पुढचे आहेत, वेळ फार नाही. परवा पहिली बैठक झाली. समोर बसलेले आजोबा लगेच जिंकलेल्या चषकांवर आले. मी त्यांना म्हटलं, आजोबा, आधी तो सामना सांगा ज्याबद्दल तुम्ही कधीच बोलत नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि दोन तास बोलत होते.

मफलर त्यांच्यासमोर टेबलावर होती. ती कुठली, असं त्यांनी विचारलं. तुमच्याबद्दल सांगितलं. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय, आणि त्या हेरेनव्हेनच्या 5 गोलांच्या कात्रणाचा फोटो मागितलाय. पुढच्या वेळी डबा उघडाल तेव्हा तेवढा पाठवा.

पाल्दिएस, म्हणजे तुमच्या भाषेत धन्यवाद, आजी.

तुमचा,
वरच्या खोलीतला मुलगा